स्टेशनखालचा खळगा

सोमवारी पहाटे वरच्या डोंगरात पाऊस झोडपून गेला आणि सकाळी सातच्या सुमाराला कोक-बुलाक गावच्या नदीतून चिखल वाहायला लागला. त्याला पाणी म्हणणं म्हणजे पाण्याची थट्टा. भिंतीच्या गिलाव्यासारखा दाट लोंढा गडगडत आला. त्यात मुळासकट उपटलेली झुडपं, कुणाच्या तरी गोठ्याचे वासे, एक मेलेलं कोकरू. दुपारपर्यंत त्याने शहराकडे जाणारा पूल नेला. निम्मं गाव काठावर उभं राहून पूल कसा गेला ते एकमेकांना सांगत होतं. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते जास्त सांगत होते. कालिपाला तिकडे ढुंकून बघायला वेळ नव्हता. पाण्याच्या स्टेशनवर गॅसची ड्युटी तिची, आणि पाणी गढूळ झालं की त्याला गॅस जास्त पाजावा लागतो.

क्लोरिनचा बाटला स्टेशनच्या मागच्या खोलीत वजनकाट्यावर उभा असे, भिंतीला साखळीने बांधलेला. आत किती गॅस उरला हे डोळ्यांना दिसत नाही, काटाच सांगतो. कालिपाने दाराबाहेरच्या खटक्याने पंखा लावला, दहा मिनिटं थांबली, मग आत जाऊन काटा वाचला. अठ्ठावीस किलो. तिने यंत्राची चावी फिरवून काचेच्या नळीतली गोळी वर चढवली, गोळी वर म्हणजे गॅस जास्त, आणि पाण्याचा नमुना घेतला. औषध घातल्यावर नमुना निळा झाला तर पाण्यात गॅस पोचला. पहिले दोन नमुने कोरेच राहिले. गोळी आणखी वर गेली तेव्हा कुठे तिसरा निळसर झाला. एरवी एक बाटला पंधरा-सोळा दिवस पुरायचा. आता रोज सात किलो जाणार होते, म्हणजे शुक्रवारी सकाळी बाटला संपणार.

बाटला बदलायचा म्हणजे नवा वायसर हवा. बाटल्याचं तोंड आणि यंत्राची नळी जिथे जुळते तिथे शिशाचा छोटा वायसर बसतो, अंगठीएवढा. नट आवळला की शिसं दबतं आणि जोड बंद होतो. एकदा दबलेलं शिसं पुन्हा दाबलं तर कधी बसतं, कधी बसत नाही, म्हणून दर खेपेला नवा. भिंतीवरच्या पाटीवर हे लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. कालिपाला पाटीची गरज नव्हती. तिचा नवरा साबिर याच खोलीत अकरा वर्षं राबला होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने जुना वायसर उलटा करून बसवला, बसतोय की म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला घरातून फाटकापर्यंत जायला दोनदा थांबावं लागत होतं. त्याची नोकरी मग हिला मिळाली.

तिने वायसरांचा डबा उघडला. खोबण पडलेले, वापरलेले चार वायसर होते. नवा एकही नव्हता.

आणि शुक्रवारी तुलो होता. वसंतात नदीने डोकं वर काढलं की गाव झऱ्याकाठी मेंढ्या कापतं, अल्लाकडे मागणं मागतं, आणि लहानथोर सगळे तिथेच बसून जेवतात. तो झरा स्टेशनच्या खालच्या खळग्यात, चाळीसेक पावलांवर. तिन्ही बाजूंनी चढ, मध्ये वाळुंजाची झाडं, वारा म्हणून लागत नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांना ती जागा फार प्रिय. क्लोरिन हवेपेक्षा जड. सुटला की पाण्यासारखा उतार धरतो आणि सखल जागी बसून राहतो. स्टेशन बांधणाऱ्यांनी पंख्याचं तोंडही नेमकं त्याच बाजूला काढलेलं. नकाशा कुठल्या तरी मोठ्या शहरातून आला होता आणि नकाशात खळगा नव्हता.

दोनशे माणसं खाली मांडी घालून बसलेली असताना वर बाटला बदलायचा, तोही जुन्या वायसरवर. साबिरचं जे झालं ते साबिरच्या हातून झालं. हे तिच्या हातून होणार होतं.

ती साहेबाकडे गेली. पाण्याच्या कचेरीचा साहेब झुमागाजी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आधी रस्त्यांच्या कामावर होता, पाण्यातलं त्याला पिण्यापुरतंच कळत होतं. तो तिला एजे म्हणे, म्हणजे थोरली बहीण, पण बहिणीचा मान त्यात औषधालाही नसे.

"एजे, पूल गेलाय," तो म्हणाला. "वायसर काय पोहत येणार आहेत?"

"मग बाटला कसा येणार?"

"बाटला शुक्रवारी सकाळी जीपने येतोय. खिंडीकडून, वळसा घालून. वायसर त्यांच्याकडे नाहीत, मी विचारलंय. आहेत त्यातला एक उलटा करून बसव."

"उलटा बसवत नाहीत."

"तुझा नवरा बसवायचा."

"म्हणून तर तो घरी गोधडीवर बसलाय."

झुमागाजीने चहाची वाटी खाली ठेवली. "हे बघ. खालच्या आळीत दोन पोरांना कावीळ झालीय. पाणी तासभर जरी बिनगॅसचं गेलं असं आरोग्यवाल्यांना कळलं, तर माझी खुर्ची गेली. तुझं काय जातंय?"

"मग तुलो वर टेकाडावर घ्या. नाहीतर एक दिवस पुढे ढकला."

"मी ढकलू? मेंढ्या मी देतोय, जागा अक्साकाल ठरवतात. आणि ते तर तुझ्याच सासरचे. जा, सांग त्यांना." एवढं बोलून तो हसला. अक्साकाल म्हणजे गावचे वडीलधारे, आणि सून त्यांच्यापुढे तोंड वर करून बोलू शकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कालिपाला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला की जिना उतरताना तिची एक पायरी चुकली.

घरी साबिर भिंतीला टेकून बसलेला, पाठीशी तीन उशा. आडवं झालं की त्याचा श्वास अडकायचा, म्हणून झोपही तशीच बसून. तिने चहा ओतता ओतता सगळं सांगितलं.

"परसात टेलिफोनची जुनी केबल पडलीय," तो म्हणाला. "तिच्यावरचं आवरण शिशाचं असतं. कापून आण."

पुढचे दोन दिवस घराचा कारखाना झाला. ड्युटी संपली की कालिपा केबलवर सुरी चालवायची, शिसं सोलायची, लोखंडी पाटावर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायची. साबिर ते पत्रे बाटलीने लाटून सपाट करायचा, एका नळीच्या तुकड्याला कानशीने धार लावून त्याने चकत्या पाडायचा, आणि मग खिडकीच्या उजेडात धरून नखाने चाचपायचा. नख अडकलं की चकती कोपऱ्यात. दर दहा मिनिटांनी खोकल्याची उबळ यायची, तेवढ्यापुरतं काम थांबायचं. शेजारीण नान भाजून झाल्यावर डोकावून गेली.

"काय साबिर, बायकोला दागिने घडवतोयस?"

"हो," साबिर म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला जमत नाहीत, म्हणून बघायला आलीस?"

बारा चकत्यांतून दोन त्याने बाजूला काढल्या. कालिपाने एक तळहातावर घेतली. गुळगुळीत होती.

"नव्यासारखी आहे?"

"नव्यासारखी म्हणजे नवी नव्हे," साबिर म्हणाला. "माझ्या हातावर विसंबू नकोस. एकदा विसंबलो होतो मी. खळग्यात माणूस असेल तर बाटला उघडायचा नाही, मग वायसर माझा असो नाहीतर आभाळातून पडलेला असो."

बुधवारी ती डोक्याचा रुमाल नीट बांधून अक्साकालांकडे गेली. ते साबिरच्या वडिलांचे थोरले भाऊ, नाव ओमुरकुल. एकवीस वर्षांत ते नाव तिने तोंडाने घेतलं नव्हतं. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव सून घेत नाही, त्याच्याकडे पाठ करत नाही, आणि थेट बोलत तर नाहीच. तिने उंबऱ्याशी तीनदा वाकून नमस्कार केला आणि तोंड बाजूला वळवून उभी राहिली. आत आणखी दोन म्हातारे चहाला बसलेले होते. मध्ये त्यांची बायको, थोरली सासू. बोलणं तिच्यामार्फत.

"आबांना विचारा," कालिपा म्हणाली, "या वर्षी तुलो टेकाडावर घेतला तर चालेल का. शुक्रवारी गॅसचा बाटला बदलायचाय, सामान धड नाही."

सगळी खोली चार हातांची. म्हाताऱ्याला शब्द न् शब्द ऐकू गेला होता, तरी सासूने तो पुन्हा सांगितला आणि त्यांनीही तिलाच उत्तर दिलं.

"तिला म्हणावं, माझ्या आज्याने तिथे मेंढी कापली. बापाने कापली. स्टेशन नंतर आलं."

"ती सांगतेय, गॅस खाली येतो."

"तिला म्हणावं, चाळीस वर्षांत आला नाही."

दुसरा म्हातारा दाढीतून हसला. "ओमुरकुल, तुझी सून आता अल्लालाही टेकाडावर चढवणार बघ." तिघंही हसले. थोरल्या सासूनेही रुमालाआड तोंड लपवलं.

कालिपाच्या कानशिलाला जाळ झाला. तरी ती पुढे झाली, रिकाम्या वाट्या उचलल्या, तिघांनाही चहा ओतला, कारण सून आली आणि चहा न ओतता गेली असं व्हायला नको. ओमुरकुलांच्या हातात वाटी देताना ती पहिल्यांदाच थेट बोलली, पण नजर वाटीवरच.

"आबा, साबिरला गॅस लागला तेव्हा खोलीत तो एकटा होता."

म्हाताऱ्यांनी वाटी घेतली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "तिला म्हणावं, एकट्याचं नशीब वेगळं, गावाचं वेगळं." ती उलट्या पावलांनी बाहेर आली.

गुरुवारी तिने ठरवलं. सांगून कुणी हलत नाही, तर आपणच थांबायचं. स्टेशनच्या कोठीत अडीअडचणीला म्हणून ब्लिचिंग पावडरची तीन पोती होती. जुनी, ओल लागून निम्मी मेलेली, पण निम्मी जिवंत. पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी नळीने थेंबथेंब टाकीत सोडायचं. तीन पोत्यांत एक दिवस निघतो. म्हणजे शुक्रवारी लोक जेवून उठेपर्यंत बाटल्याला हात लावायचा नाही. तिने फिटर तेन्तिमिशला सांगितलं. त्याला ती बायके म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. तेन्तिमिश साठीचा, तीस वर्षं कालव्याच्या दारांवर काम केलेला, अंगात रेड्याचं बळ.

"साहेब बोंबलेल," तो म्हणाला.

"बोंबलू दे. बायके, तुम्ही पिंपं लावाल का तेवढं सांगा."

"लावतो. तुलोचं मटण मात्र मला इथे वर आणून दे."

शुक्रवारी पहाटे पाच वाजता काट्यावर बाटला जवळजवळ रिकामा दिसला. आत थोडा गॅस राहू द्यायचा असतो, पार रिता केला तर ओल शिरते आणि लोखंड सडतं. तिने व्हॉल्व्ह बंद केला, यंत्रातली गोळी तळाला बसेपर्यंत पाहिली, आणि पिंपांकडे वळली. पावडर पाण्यात पडली की वाफारा उठायचा. तोंडाला ओला रुमाल बांधूनही डोळे चरचरत होते. लाकडी दांड्याने ढवळायचं, थांबायचं, नितळ झालेलं दुसऱ्या पिंपात ओतायचं, गाळ उपसून चरात टाकायचा, पुन्हा पोतं. सात वाजेपर्यंत तिच्या बोटांच्या चिरांत पावडर भरली आणि हात धगधगायला लागले.

सव्वासातला फाटकाशी कुणीतरी खोकलं. साबिर होता. एवढा रस्ता तो कसा चालून आला ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. सात वर्षांत तो इथे फिरकला नव्हता. त्याने मागच्या खोलीकडे बघायचंही टाळलं. तिने त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, टाकीजवळच्या बाकावर बसवलं, पुढ्यात नमुन्याच्या नळ्या ठेवल्या. मग तो दर पंधरा मिनिटांनी नळी उजेडात धरून सांगायचा, "कमी आहे," नाहीतर "बास, आता राहू दे," आणि ती त्याप्रमाणे थेंब वाढवायची, कमी करायची.

साडेआठला जीप आली. झुमागाजी नव्या पांढऱ्या टोपीत उतरला, मागे बाटला.

"चला, बदला," तो म्हणाला.

"चार वाजता बदलीन," कालिपा म्हणाली. "खालचे लोक उठले की."

"आणि पाणी?"

साबिरने बाकावरूनच निळी नळी उंच धरली. झुमागाजीने ती पाहिली आणि त्याला आणखी राग आला. "नळ्या मला दाखवू नका. मी सांगतोय, आत्ता नऊच्या आत बाटला बदलायचा. यंत्र असताना पिंपात काठी फिरवतायत. बाहेरच्या कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"तुम्ही बदला मग. पाना देऊ?"

तेन्तिमिशने मान वळवून खोकल्याचं सोंग केलं. नट कुठल्या बाजूला फिरतो हेही झुमागाजीला माहीत नव्हतं, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर करतेयस, एजे," तो म्हणाला. "सोमवारी इथे दुसरा माणूस येईल."

"त्याला वायसर घेऊन यायला सांगा."

तो पाय आपटत खळग्याकडे उतरला. मेंढ्या त्याच्या होत्या, त्याला तर पंगतीच्या वरच्या टोकाला बसायचं होतं.

दिवसभर खालून धूर येत राहिला, मटणाचा वास, पोरांचा कालवा, मध्येच सगळं शांत होऊन ओमुरकुलांचा दुआ मागणारा जाड आवाज. दुपारी बायकांनी मटण आणि कणकेचे तळलेले बोरसोक वर पाठवले. कालिपाचे हात पांढरे, सालं निघालेले. त्यांनी अन्नाला शिवायची सोय नव्हती. साबिरने इकडेतिकडे पाहिलं, तेन्तिमिशची पाठ आहे अशी खात्री केली, आणि बोरसोकचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तीन वाजता तिसरं पोतं संपलं. पिंपात अडीच तासांचं पाणी उरलं होतं.

चार वाजता लोक उठले. साडेचारला ती स्वतः खाली जाऊन आली. एक म्हातारी कढई घासत होती, तिची वाट पाहिली, कढई उचलायला तिला मदत केली, तिला वरच्या वाटेला लावून दिलं, मगच परतली. साबिरला टेकाडाच्या बाजूला पाठवलं. मास्क गळ्यात अडकवले, पंखा लावला, आणि ती आणि तेन्तिमिश आत गेले. या खोलीत एकट्याने जायचं नाही, हाही पाटीवरचाच नियम.

नवा बाटला काट्यावर चढवला, साखळी घातली, टोपण काढलं. साबिरचा वायसर बसवून तिने नट आवळला. आता व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा, लगेच बंद करायचा, आणि अमोनियाची बाटली जोडाजवळ धरायची. गळत असेल तर पांढरा धूर दिसतो. तिने आखूड पाना लावला, तळहाताने थाप मारली. व्हॉल्व्ह हलला नाही. दुसरी थाप, तिसरी. बाटला हिवाळाभर कुठेतरी उघड्यावर पडलेला असणार, व्हॉल्व्हचा दांडा गंजून धरला होता.

"नको, बायके," ती म्हणाली. "जोर करायचा नाही. हा परत पाठवू."

"आणि पाणी? पावडर संपली की."

"बघू काहीतरी. जरा थांबा." ती अमोनियाची बाटली फळीवर ठेवायला वळली.

कालव्याचं दार अडलं की दांड्यावर लांब नळी चढवायची आणि अंग टाकायचं, हे तेन्तिमिशने तीस वर्षं केलं होतं आणि एकही दार त्याच्यापुढे टिकलं नव्हतं. ती वळेपर्यंत त्याने पान्यावर हातभर नळी चढवलेली होती. दांडा फिरला. त्याबरोबर दांड्याच्या गळ्याचा, गॅस अडवणारा नटही फिरला, आणि कापड फाडावं तसा आवाज करत गॅस बाहेर आला.

कालिपाने श्वास रोखला, मास्क चढवला. तेन्तिमिश डोळे मिटून चाचपडत कोपऱ्यातल्या पाण्याच्या पाइपकडे निघाला होता. तिने त्याचा हात धरून दाराबाहेर ढकललं. "पाणी नको. वर जा, वर. खाली उतरू नका." क्लोरिनवर पाणी मारलं की त्याचं तेजाब होतं, ते लोखंड खातं आणि भोक मोठं होतं. तेन्तिमिश खोकत टेकाडाकडे पळाला.

आता ती एकटीच उरली. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. साबिरला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडाला आलेला फेस तिला आठवला. तिने पाना लावून दांडा उलटा फिरवायचा प्रयत्न केला. अर्धा फिरला आणि पुन्हा धरला. म्हणजे गळ्याचा नटच आवळायला हवा. मास्कच्या काचेवर वाफ आली, नट दिसेना, ती बोटांनी शोधू लागली आणि सोललेल्या बोटांना तो गॅस सुयांसारखा टोचला. चौथ्या मिनिटाला मास्कच्या आत वास आला. मास्कला लावलेल्या, गॅस गाळणाऱ्या डबीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली होती. ती बाहेर पडली, चढाकडे धावली, चार श्वास घेतले, नवी डबी नव्हतीच तर तीच घट्ट बसवली आणि पुन्हा आत गेली. नट पाव फेरा फिरला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला दारात तेन्तिमिश होता, मास्क घातलेला. त्याने दोन्ही हातांनी बाटला कवटाळून घट्ट धरला आणि तिने सगळं अंग आखूड पान्यावर टाकलं. आवाज बारीक झाला, आणि थांबला.

तिने चिंधी अमोनियात बुडवून गळ्याजवळ धरली. धूर नाही. जोडाजवळ धरली. तिथेही नाही. साबिरचा वायसर थेंबभरही गळला नव्हता. आठवडाभर ती ज्याला भ्यायली तो नीट बसला होता, आणि जे मनातही नव्हतं ते सुटलं होतं.

पायरीवर येऊन तिने मास्क काढला. खाली खळग्यात पिवळट थर साचलेला होता, माणसाच्या छातीएवढा, आणि वाळुंजाची झाडं त्यात उभी होती. वारा नव्हता. थर जागचा हलत नव्हता.

टेकाडावरून साबिर बसत उठत खाली आला.

"खाली कुणी होतं?"

"नाही."

"नीट बघितलंस? कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं. मी जाऊन आले होते."

"आणि वायसर?"

"बसला."

साबिर पायरीवर बसला आणि रडला. सात वर्षांत ती त्याला पहिल्यांदा रडताना बघत होती. तेन्तिमिश तोंड पाडून लांब उभा होता. व्हॉल्व्ह थोडा उघडाच अडकला होता, म्हणून अर्ध्या तासाने तिने यंत्राची चावी फिरवली, गोळी वर चढली, नमुना निळा आला. तिघंही वरच्या वाटेने घरी गेले.

सकाळपर्यंत गावात बातमी फिरली, आणि बातमी अशी की साबिरच्या बायकोने तुलोच्याच दिवशी झऱ्यावर विष सोडलं. कालिपा ड्युटीवर आली तेव्हा झुमागाजी आधीच हजर होता, हातात कागद. घरी केलेला वायसर वापरल्याने गॅस गळला, चूक माझी, असं तिने लिहून द्यायचं होतं.

"वायसर नाही गळला," ती म्हणाली. "चाचणी घेऊन बघा."

"मला चाचण्या नकोत. सही पाहिजे."

तेवढ्यात खळग्याच्या कडेला ओमुरकुल दिसले, काठी टेकत, एकटेच. काठावर ते बराच वेळ उभे राहिले. हिरवं गवत रातोरात पांढरट, भाजल्यासारखं झालेलं. वाळुंजाची पानं चुरगळलेली. मधोमध, काल जिथे पंगतीचं वरचं टोक होतं, बसायला अंथरलेल्या नमद्याने गवत दबून चौकोन उमटलेला होता, आणि त्या चौकोनात दोन कुत्री मरून पडली होती. संध्याकाळी हाडं शोधायला उतरली असणार.

म्हाताऱ्याने काठीने बोलावलं. कालिपा गेली, वाकली, नजर खाली ठेवून उभी राहिली. मागोमाग झुमागाजी कागद घेऊन आला.

"अक्साकाल, बघितलंत ना हिने काय करून ठेवलं ते?"

ओमुरकुलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते थेट तिच्याशी बोलले, मध्ये कुणालाही न घालता. "माझ्या उजव्या हाताला काल माझी नात बसली होती. मांडीवर चार महिन्यांचं लेकरू. तू सांगायला आली होतीस. मी हसलो. ते माझं मी बघीन, अल्लापुढे मला जायचंच आहे."

कालिपाच्या डोळ्यांना धार लागली.

मग म्हातारा झुमागाजीकडे वळला. "तेन्तिमिशने मला सगळं सांगितलंय. बाटला सकाळी नऊला बदल असं हिला कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो, पण पाण्याचा प्रश्न..."

"नऊला तू कुठे बसला होतास?"

झुमागाजीने कागदाची घडी केली. "तुमच्या डाव्या हाताला."

"दाखव," ओमुरकुल म्हणाले. "जा, उतर खाली आणि बसून दाखव. काल तर अर्धी मेंढी तिथेच बसून खाल्लीस."

झुमागाजीने खाली कुत्र्यांकडे पाहिलं. खालून अजून उग्र वास येत होता. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मग ते मागे घेतलं, आणि काठावरच उभा राहिला.